ग्लोव्हजची उतरंड

कोरोनाच्या दिवसांत आमच्या कॉलनीतल्या लोकांनी गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या, तेव्हा मी घरात भाकरी थापत होते. शेजारच्या काकू धावत आल्या. म्हणाल्या, सिस्टर, बाहेर या, तुमच्यासाठीच तर वाजवतोय. मी म्हटलं, मला निवृत्त होऊन जमाना झाला, आता वाजवून काय उपयोग? त्यांना वाटलं, मी विनय करतेय. विनय माझ्यात कधीच नव्हता, माझ्या हाताखाली काम केलेल्या कुणालाही विचारा. मला एवढंच म्हणायचं होतं की थाळी राहू दे, आमच्या वेळी एक धड ग्लोव्हजचा जोड कुणी दिला असता तर मीच त्याची आरती ओवाळली असती.

या अंकाच्या संपादकांनी मला ‘आरोग्यसेवकांचे संसर्गापासून संरक्षण’ असा भारदस्त विषय दिलाय. विषय वाचून मला हसू आलं. नव्वदच्या दशकात मी नगर जिल्ह्यातल्या एका साखरपट्ट्यातल्या सरकारी रुग्णालयात ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर होते. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण तिथली काही मंडळी अजून हयात आहेत आणि सकाळी माझ्याच रस्त्याने फिरायला जातात. तिथे संरक्षण होतं, नाही असं नाही. ते कुलपात होतं.

आधी ग्लोव्हजचा कारभार सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आता डॉक्टर ग्लोव्हज घालतात, काम करतात आणि फेकून देतात. आमच्याकडे ग्लोव्हज फेकणं म्हणजे महापाप. ऑपरेशन झालं की ते जंतुनाशकात बुडवायचे, साबणाने धुवायचे, उलटे करून व्हरांड्यातल्या दोरीवर वाळत घालायचे. ती दोरी लांबून पाहिली की कुणीतरी रांगेने हात वर करून शरण आलंय असं वाटायचं. वाळले की एकेकात तोंडाने हवा भरायची आणि फुसफुस ऐकू येते का ते गालाशी धरून बघायचं. भोक सापडलं की जुन्या ग्लोव्हजचा तुकडा कापून सोल्युशनने चिकटवायचा. आमच्या मावश्या या कामाला पंक्चर काढणं म्हणायच्या, आणि स्टँडवरच्या सायकलवाल्यापेक्षा त्यांचं पंक्चर पक्कं असायचं. मग पावडर लावून, फडक्यात बांधून पुन्हा वाफेच्या डब्यात.

आता त्याची उतरंड ऐका. कोरे करकरीत ग्लोव्हज साहेबांना. साहेब म्हणजे आमचे वैद्यकीय अधीक्षक, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी ऑपरेशनला उभे राहायचे. एक पंक्चर झालं की तो जोड धाकट्या डॉक्टरांकडे. दोन-तीन झाली की बाळंतपणाच्या खोलीत. तिथून ड्रेसिंगच्या टेबलावर. आणि बोटांची टोकंच गेली, ठिगळ लावायला जागा उरली नाही, की मग तो जोड वॉर्डातल्या मावश्यांना, म्हणजे रक्ताने भिजलेल्या चादरी उचलणाऱ्या, फरशी पुसणाऱ्या, ऑपरेशननंतरच्या सुया-सिरिंजा धुणाऱ्या बायांना. थोडक्यात, ज्याचे हात रक्तात सगळ्यांत जास्त, त्याच्या ग्लोव्हजना बोटं सगळ्यांत कमी. हे कुणी ठरवलं, कुठे लिहिलं होतं, काही नाही. पण नवा शिपाई पहिल्याच दिवशी शिकायचा, आणि कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. जेवणाच्या पंगतीतही मानाचं पान आधीच वाढतात, त्यातलाच प्रकार.

कपाटात ग्लोव्हज नव्हते का? होते की. खोकी भरभरून होती. पण ती स्टोअरवाल्या अण्णांच्या ताब्यात. अण्णा माणूस सज्जन, कपाळाला अष्टगंध, तोंडात साखर. फक्त सरकारी वस्तू वापरली गेली की त्यांना स्वतःच्या घरात चोरी झाल्यासारखं दुःख व्हायचं. तपासणीला वरचे अधिकारी आले की अण्णा कपाट उघडायचे, खोकी टेबलावर मांडायचे, अधिकारी "वा, साठा उत्तम" म्हणायचे, चहा प्यायचे आणि गाडी गावाबाहेर गेली की कपाट बंद. साबणाचंही तेच. वडी चोरीला जाते म्हणून अण्णा ती दोऱ्याने कापून चार तुकडे करायचे आणि त्यातला एक द्यायचे. एका वर्षी तर वॉर्डात हात धुवायचं नवं बेसिन बसलं, त्याचं फीत कापून उद्घाटन झालं, नारळ फुटला, भाषणं झाली. पाहुण्यांनी कौतुकाने नळ सोडला. त्यातून आधी हवा आली आणि मग एक पाल. टाकीला पाइपच जोडलेला नव्हता. पाहुणे म्हणाले, चालायचंच, सुरुवात तर झाली.

अशा थाटात चाललेलं असताना एड्स आला. म्हणजे आमच्याकडे रोग येण्याआधी त्याची भीती आली. साहेब नगरला प्रशिक्षणाला जाऊन आले. जाताना नेहमीसारखे होते, येताना चेहरा पांढराफटक. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये गोळा केलं आणि आदेश काढला की यापुढे जो पेशंट संशयित असेल, त्याच्या खाटेच्या पायाला लाल फीत बांधायची. ऑफिसात फायली बांधतात ना, तीच फीत. फीतवाल्या पेशंटला हात लावताना सगळ्यांनी नवे ग्लोव्हज घालायचे, आणि ते अण्णांनी विनातक्रार द्यायचे. आदेशावर साहेबांची सही, गोल शिक्का, सगळं यथासांग. मी मनात म्हटलं, उशिरा का होईना, देव पावला.

पण संशयित कोण हे साहेब नजरेने ठरवायचे. ट्रक ड्रायव्हर आला की फीत. तमाशातली बाई आली की फीत. मुंबईहून परतलेला आला की दोन पायांना फीत. ऊसतोड कामगार म्हणजे तर पत्ता नसलेली माणसं, त्यांना सरसकट फीत. आणि ज्याचे कपडे इस्त्रीचे, खिशाला पेन, बोलणं "डॉक्टरसाहेब" करून, त्याला कधीच नाही. घरंदाज माणसाच्या रक्तात जंतू जायला लाजतात, असा साहेबांचा पक्का सिद्धांत होता. रक्त तपासायला नगरला पाठवावं लागायचं, आणि अहवाल येईपर्यंत पेशंट घरी जाऊन उसाला पाणीसुद्धा देऊन झालेला असायचा. त्यामुळे सिद्धांत खोटा ठरायची भीती नव्हती.

ही फीत सुरू झाल्यावर वॉर्डात एक गंमत झाली. गंमत म्हणायची आपली रीत. फीतवाल्या खाटेपाशी सगळे चारदा हात धुवायचे, तोंड फिरवून सलाईन लावायचे. आणि बिनफितीच्या खाटेपाशी जे काही थोडंफार जपायचे तेही सोडून दिलं. फीत नाही ना, मग कशाला घाबरायचं!

आमच्या थिएटरला कौसाबाई नावाची मावशी होती. रोजंदारीवरची. गोदावरीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आलेली, नवरा बसून खाणारा, बोलणं सरळ, आणि कामाला वाघ. काचेच्या सिरिंजा उकळायची, बोथट सुया दगडावर घासून टोक काढायची, आणि ऑपरेशननंतरच्या चादरी गोळा करून बादलीत टाकायची. तिच्या जोडीला शेवंता. ती कौसाबाईपेक्षा थोडी लहान, नाकाने जरा वर, पण दोघींचं बरं जमायचं. दुपारी व्हरांड्याच्या पायरीवर बसून दोघी एका कपातला चहा दोन बशांत ओतून प्यायच्या आणि साहेबांच्या चालण्याची नक्कल करायच्या. मी खिडकीतून बघायचे आणि बघितलं नाही असं दाखवायचे.

एकदा साहेबांनी हर्नियाचं ऑपरेशन केलं. पेशंट गावच्या सोसायटीचा कारभारी, पांढराशुभ्र लेंगा, गांधी टोपी, बोटात अंगठी. फीत बांधायचा प्रश्नच नाही. ऑपरेशन छान झालं. साहेबांची एक सवय होती, टाका घालून झाला की सुई कुठे ठेवली याची फिकीर नसायची. त्या दिवशी वाकडी सुई चादरीच्या घडीत राहिली. मी ट्रे मोजून बघत होते, सुई एक कमी म्हणून ओरडणार, तेवढ्यात कौसाबाईने चादरी कवेत घेतल्या आणि ती सुई तिच्या करंगळीत शिरली. करंगळी उघडीच होती. तिच्या ग्लोव्हजना त्या जागी बोटच नव्हतं.

मी तिचा हात साबणाखाली धरला, वाहू दिलं, पुन्हा धुतला. साहेबांना सांगितलं, हिला सुई लागलीय, पेशंटचं रक्त तपासायला पाठवू या. त्यांनी टॉवेलने हात पुसत विचारलं, "फीत होती का?" मी म्हटलं, नव्हती. "मग काय झालं? घरंदाज माणूस आहे. थोडं डेटॉल लावा." आणि ते चहाला गेले. कौसाबाई मला म्हणाली, "जाऊंद्या सिस्टर, सुई हाय, साप न्हाई." मलाही काही दिवसांनी विसरायला झालं, कारण रोजची कामं थोडी का असतात.

काही महिन्यांनी कौसाबाईचे डोळे पिवळे दिसायला लागले. आधी म्हणाली, झोप झाली नाही. मग भाकरीचा वास नको झाला, पायऱ्या चढताना कठडा धरायला लागली. मी तिला धरून साहेबांपुढे उभं केलं. कावीळ, हे बघताच कळत होतं. रक्तातून पसरणारी, म्हणजे बी प्रकारची असणार, हेही मला कळत होतं, कारण ती उमटायला जे दोन-तीन महिने लागतात, त्या हिशेबात ती सुई बसत होती. मी तसं बोलले. पुरावा नव्हता माझ्याकडे, तो कारभारी बरा होऊन घरी गेला होता. पण माझा विश्वास तेव्हाही होता आणि आजही आहे.

साहेबांनी काय केलं असेल? भिंतीवर परदेशातलं प्रमाणपत्र टांगलेला हा माणूस खुर्चीत पुढे वाकला आणि हळू आवाजात म्हणाला की नदीकाठच्या अमुक गावात एक म्हातारा काविळीची माळ घालतो, गुण येतो. आमच्या भागात ही पद्धत जुनी. वनस्पतीच्या काड्यांची माळ डोक्यात घालायची, ती दिवसागणिक सैल होत गळ्यात, मग छातीवर उतरते, आणि माळ उतरली की कावीळ उतरली. लोक करतात, मी लोकांना हसत नाही. मी साहेबांना हसते. हसते म्हणजे तेव्हा मला थोबाडीत द्यावीशी वाटली होती.

कौसाबाई माळ घालून कामाला येत राहिली. न येऊन कसं चालेल? रोजंदारीवरच्या बाईला रजा नसते. ती बसली की दुसरी लागते, आणि दुसरी लागली की पहिलीला कुणी ओळखत नाही. डोक्यात काड्यांची माळ, हातात बादली, अशी ती भिंतीला टेकत टेकत फरशी पुसायची. मी तिला जमेल तिथे बसवायचे, तिचं काम दुसरीकडे वळवायचे.

आणि त्याच सुमारास मी पाहिलं की पायरीवर शेवंता एकटी बसते. कौसाबाईसाठी दांडा तुटलेला एक कप वेगळा काढलेला. तो खिडकीत पालथा असायचा, कौसाबाईनेच तो घ्यायचा, तिनेच धुवायचा, आणि चहा वरून ओतायचा. मी बौद्ध घरातली. वेगळा कप म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या आजीच्या वाट्याला असला वरून ओतलेला चहा कसा आला होता हे ऐकत मी मोठी झाले. आता तोच कप मला एका रुग्णालयाच्या खिडकीत दिसत होता, आणि ठेवणारी बाई होती कोण, तर जिच्या स्वतःच्या हातात बोटं नसलेले ग्लोव्हज. मी शेवंताला चांगलं फैलावर घेतलं. चहाने कावीळ लागत नाही, रक्ताने लागते, हे ओरडून सांगितलं. ती खाली मान घालून म्हणाली, "माजी लेकरं ल्हान हायेत, सिस्टर." भीती तिने घरून आणली नव्हती. आम्हीच फीत बांधून तिला शिकवली होती.

त्या रात्री मला राग आवरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांकडे गेले आणि लाल फितीचं अख्खं रीळ मागितलं. गंमत बघा, ग्लोव्हज मागितले की अण्णांना घाम फुटायचा, फीत त्यांनी हसत दिली. म्हणाले, घ्या की, फीत काय, कितीही आहे. मी राउंडच्या आधी वॉर्डात शिरले आणि एका टोकापासून प्रत्येक खाटेच्या पायाला फीत बांधत गेले. पुरुषांचा वॉर्ड, बायकांचा वॉर्ड, व्हरांड्यातल्या खाटा. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला वाटलं, आज ज्यांना घरी सोडणार त्यांची खूण आहे, त्याने लगेच धोतराचं गाठोडं बांधलं. एका बाईने भांडण काढलं की माझ्या खाटेची फीत शेजारणीपेक्षा आखूड का.

शेवटी स्पेशल रूम. तिथे कारखान्याच्या एका संचालकांच्या आईसाहेब होत्या. लग्नातलं जेवण बाधलं होतं, सलाईन चालू होतं. खासगी दवाखाना सोडून सरकारीत का? कारण सरकारीत संचालकांच्या आईची बडदास्त खासगीपेक्षा बरी राहायची. मी त्यांच्या पलंगालाही फीत बांधली, चांगली मोठी, फुलासकट.

राउंडला साहेब आले. पहिल्या खाटेला थांबले, दुसऱ्याला थांबले, आणि तिसऱ्याला त्यांनी चष्मा काढून पुसला. मला विचारलं, हे काय आहे सिस्टर? मी म्हटलं, संशयित आहेत साहेब. कोण? म्हटलं, सगळेच. ते लालबुंद होत स्पेशल रूमकडे धावले. तिथे संचालक आईजवळ बसलेले. फितीचा अर्थ त्यांना कुणीतरी आधीच सांगितला होता, कारण असल्या बातम्या आपल्याकडे तारेपेक्षा लवकर पोचतात. ते उभे राहून म्हणाले, "डॉक्टर, माझ्या आईला काय झालंय?"

साहेबांची पंचाईत झाली. फीत काढा म्हणावं, तर आदेश त्यांच्याच सहीचा. राहू द्या म्हणावं, तर समोर संचालक. मीच बोलले. म्हटलं, "आईसाहेबांना काही झालेलं नाही. पण कुणाच्या रक्तात काय आहे ते कपाळावर लिहिलेलं नसतं. मी वाचू शकत नाही, साहेबही वाचू शकत नाहीत. म्हणून प्रत्येकाला हात लावताना आम्ही ग्लोव्हज घालायचे. ही फीत तुमच्या आईची नाही, आमच्या बायांची आहे."

मग पलंगावरून आईसाहेब बोलल्या. जन्मभर शेतात राबलेली बाई, मुलगा संचालक झाला म्हणून तिची जीभ काही संचालक झाली नव्हती. म्हणाल्या, "बरोबर बोलती ती. बांध गं बाई. आन माज्या सुनंच्या हाताला बी बांध येक, हात न धुता पीठ मळती."

सून दारातच उभी होती. तिचा चेहरा मी विसरणार नाही. पण संचालक मोकळेपणाने हसले, आणि माणूस हसला की कामं होतात. त्यांनी साहेबांना विचारलं, मग द्या की सगळ्यांना ग्लोव्हज, अडचण कुठे आहे? अडचण कपाटात होती. अण्णांना बोलावलं, कपाट उघडलं. वरची खोकी इतक्या उन्हाळ्यांतून गेली होती की ग्लोव्हज एकमेकांना चिकटून त्यांचा खरवस झाला होता. एक ओढला की चार यायचे आणि चारीही फाटायचे. जपून ठेवलेलं सगळं रबर अण्णांच्या डोळ्यांदेखत मातीमोल. मला त्यांची कीव आली, थोडीच. तळातली खोकी बरी निघाली, पुढे नवीही आली, आणि त्या दिवसापासून आमच्या मावश्यांच्या ग्लोव्हजना पाच बोटं असायला लागली. साहेबांनी पुढच्या तपासणीत ही कल्पना स्वतःची म्हणून सांगितली आणि शाबासकी मिळवली. मिळवू दे. माझं काम झालं होतं.

पण कौसाबाईचं काम झालं नव्हतं. तिची कावीळ वरून उतरली, डोळे पांढरे झाले, माळ गळून पडली, साहेबांनी "बघा, गुण आला" असंही म्हणून घेतलं. ती मात्र पूर्वीसारखी झाली नाही. दमायची, पोटाच्या उजव्या बाजूला हात धरून उभी राहायची. मला भीती होती ती हीच की रोग गेलेला नाही, आत बसलाय.

तेवढ्यात काविळीची लस आली. त्या काळात ती महाग, मोजकी. लस कुणाला, तर आरोग्यसेवकांना. आता आरोग्यसेवक कोण? आधी साहेब. मग बाकीचे डॉक्टर. मग आम्ही सिस्टर. मी घेतली, हुतात्मा व्हायची हौस मला नव्हती. मग ऑफिसचे क्लार्क. मग अण्णा, ज्यांनी रक्त फक्त दाढी करताना पाहिलं होतं. मग साहेबांच्या जीपचा ड्रायव्हर. मावश्यांचं काय, विचारलं, तर पुढच्या खेपेला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, ती डोळ्यांनी बघितली.

मी रोज राउंडला विचारायचे. साहेब रस्ता बदलायचे, मी त्या रस्त्यावर उभी असायचे. शेवटी कंटाळून त्यांनी एकीला मंजुरी दिली. कुणाला, तर कौसाबाईला. कारण काय? तिला कावीळ झाली होती म्हणून! वैद्यकशास्त्रात लस आधी आणि रोग नंतर असतो, हे मी त्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगू? जिला होऊन गेलंय तिला ही लस काडीच्या उपयोगाची नाही. मी म्हटलं, लस द्यायच्या आधी तिचं रक्त तपासू. निदान ते एक कळेल. त्यांनी हो म्हटलं, बहुतेक माझ्यापासून सुटका म्हणून.

नगरहून अहवाल आला तेव्हा आम्ही साहेबांच्या खोलीत होतो. कौसाबाई टेबलापाशी, शेवंता दारात पोछा घेऊन. साहेबांनी कागद वाचला आणि म्हणाले, रोग अजून रक्तात आहे. मग हिला आता घरी बसवावं लागेल, असंही पुटपुटले. मी विचारलं, कशासाठी? सुई पेशंटची हिला टोचली, हिची पेशंटला नाही. हिला घरी बसवलंत तर मीही बसते आणि संचालकांना कारण सांगून बसते. साहेबांनी कागदाची घडी करून फायलीत घातली. संचालकांचं नाव घेतलं की त्यांना शास्त्र लवकर कळायचं.

कौसाबाई मात्र आमच्या भांडणाकडे बघत नव्हती. टेबलावरच्या, लस ठेवलेल्या बर्फाच्या डब्याकडे बघत होती. तिने मला विचारलं, "म्हंजी ही लस मला उपेगाची न्हाई?"

मी म्हटलं, नाही गं.

"मंग शेवंतीला द्या."

साहेब म्हणाले, शेवंताला मंजुरी नाही, मंजुरी तुझ्या नावाची आहे. कौसाबाई त्यांच्याकडे वळली. इतक्या वर्षांत ती साहेबांशी पहिल्यांदा मान वर करून बोलत होती. "ती माज्या कपाला शिवत न्हाई, साहेब. पर रोज सकाळी माज्याच बादलीत हात घालती."

शेवंता दारातून हलली नाही. मला मात्र कळत होतं की मला काय करायचंय. एकदा पहिला डोस टोचला की पुढचे दोन द्यावेच लागतात, अर्धवट सोडता येत नाही. मी सिरिंज भरली. साहेब म्हणाले, सिस्टर, हे नियमात बसत नाही. मी म्हटलं, मग मी उभ्याने देते. शेवंताला आत ओढलं, बाही वर केली आणि टोचली. तिचे पुढचे डोसही मी मागे लागून पूर्ण करून घेतले. पुढच्या खेपेला बाकीच्या मावश्यांनाही लस मिळाली. तुटका कप खिडकीतून गेला. कुणी फेकला ते मी विचारलं नाही.

कौसाबाईने पुढे काही वर्षं काम केलं. मग पोटात पाणी व्हायला लागलं आणि लिव्हर कायमचं थकलं. ती गेली तेव्हा साहेब बदलीवर दुसरीकडे होते, अण्णा निवृत्त झाले होते. ऑफिसातून कुणी आलं नाही, रोजंदारीच्या बाईच्या मयताला ऑफिस येत नाही. मी गेले. जाताना पिशवीत नव्या ग्लोव्हजचा जोड घेतला होता. रोग रक्तात होता आणि शेवटी नाका-तोंडातून रक्त गेलं होतं, म्हणून अंघोळ घालणारीने तरी जपावं.

अंगणात आडोसा धरला होता. आत शेवंता होती. पदर खोचून, उघड्या हातांनी कौसाबाईला अंघोळ घालत होती. मी सवयीने तिच्यावर खेकसले, आधी हे घाल म्हणून ग्लोव्हज पुढे केले. तिने मान वर केली नाही. कौसाबाईच्या केसांवरून पाणी ओतत म्हणाली, "मला कशाला मोजं, सिस्टर? मला तिच्याच वाटची लस टोचली हाय."

मी ग्लोव्हज पिशवीत ठेवले आणि दुसरी बादली उचलून तिच्या हाताशी नेऊन ठेवली.